राजकन्या आणि झुरिया

स्मिता पाटील हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम ‘जैत रे जैत’मधील चिंधी उभी राहते, नाही तर ‘उंबरठा’मधील सुलभा महाजन. हिंदी चित्रपटांचे रसिक ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ यांची नावे घेतात. दूरचित्रवाणीच्या संदर्भात त्यांचे स्मरण सहसा होत नाही. झालेच तर ‘त्या आधी बातम्या वाचीत असत’ एवढ्या एका वाक्यात ते आटोपते आणि बोलणारा लगेच चित्रपटांकडे वळतो.

त्या एका वाक्यावर मला आज थोडे थांबावयाचे आहे. दूरचित्रवाणी ही स्मिता पाटील यांच्या कलाजीवनातील नुसती पहिली पायरी होती, चढून झाल्यावर तिच्याकडे वळून पाहण्याचे कारण उरले नाही, असे मला वाटत नाही. तेथे त्या जे शिकल्या ते पुढे जन्मभर त्यांच्यापाशी राहिले. आणि ते शिक्षण पूर्णपणे फळास आले ते दूरचित्रवाणीसाठीच काढलेल्या एका छोट्या चित्रपटात. तो चित्रपट ज्या प्रदेशात काढला गेला, त्याच प्रदेशात मी सध्या नोकरीनिमित्त राहतो. सहा वर्षांच्या अंतराने दोन वेळा स्मिता पाटील छत्तीसगडच्या मातीवर कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. पहिल्या खेपेस त्या राजकन्या होत्या. दुसऱ्या खेपेस एका चर्मकाराची बायको. रायपूरमध्ये मराठी माणसांची वस्ती जुनी आहे, भोसल्यांच्या काळापासूनची आहे, तात्यापारा नावाचा एक भागच येथे आहे. तरी ही गोष्ट आमच्या मराठी घरांतूनही फारशी बोलली जात नाही.

प्रथम एक फरक लक्षात घेतला पाहिजे. विलायतेत दूरचित्रवाणीवरील नाटकांतून कामे करणे हा नटनट्यांचा एक स्वतंत्र आणि स्थिर व्यवसाय आहे. उत्तर इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी ग्रॅनाडा या संस्थेने ९ डिसेंबर १९६० रोजी ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ नावाची मालिका सुरू केली. गिरणगावासारख्या एका गल्लीतील सामान्य माणसांची ती कथा. तीत एना शार्पल्स या तोंडाळ म्हातारीचे काम करणाऱ्या व्हायोलेट कार्सन या बाई मूळच्या मँचेस्टरच्याच. पूर्वी त्या नभोवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांत गात आणि पियानो वाजवीत. साठी उलटल्यावर ही भूमिका त्यांच्याकडे आली आणि १९८० पर्यंत त्यांनी ती केली. घराघरांतील लोक त्यांना त्या म्हातारीच्याच नावाने ओळखत. आपल्या गावचे उच्चार, आपल्या गल्लीतील बायकांची चालण्याबोलण्याची रीत एवढ्या भांडवलावर एक नटी वीस वर्षे सन्मानाने जगू शकली, कारण तिच्या शहरात तशी संस्था होती आणि आठवड्यामागून आठवडे चालणारे नाटक होते.

आपल्याकडे असे काही नव्हते. दिल्लीस दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी झाला. मुंबई केंद्र सुरू व्हावयास २ ऑक्टोबर १९७२ उजाडावा लागला. नाटके होत, परंतु ती सुटीसुटी, आणि बहुधा रंगभूमीवरून उचलून आणलेली. ‘हम लोग’ ही पहिली लोकप्रिय मालिका लागली ती जुलै १९८४ मध्ये. तेव्हा १९७० नंतरच्या चार-दोन वर्षांत मुंबईच्या दूरचित्रवाणी केंद्रात पाऊल टाकणाऱ्या मराठी तरुणीला तेथे नटी म्हणून कारकीर्द करण्याचा मार्गच उपलब्ध नव्हता. बातम्या वाचाव्यात, निवेदन करावे, मुलाखती घ्याव्यात, एवढेच.

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील शिरपूरचे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, पुढे राजकारणात मंत्रिपदापर्यंत पोहोचलेले. आई विद्याताई समाजकार्यात असत. घरातील वातावरण राष्ट्र सेवा दलाचे. सेवा दलाच्या कलापथकांत लहानपणी नाचणे-गाणे, चार गावे हिंडणे, सर्वांच्या पंक्तीत बसून जेवणे, हे सर्व त्यांना घडले. पुढे कुटुंब मुंबईस आले. एका मैत्रिणीच्या घरी काढलेली छायाचित्रे दूरचित्रवाणीच्या अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांना बातम्या वाचण्यासाठी बोलावणे आले, अशी हकीकत सांगतात. घाईच्या वेळी विजारीवरच साडी गुंडाळून त्या कॅमेऱ्यापुढे बसत, ही गोष्ट तर इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यापुढे त्या बातम्या कशा वाचीत हे कोणी विचारीतच नाही.

वास्तविक विचारण्यासारखे तेच आहे. बातम्या वाचणे हे काम अभिनयाच्या उलट दिशेने जाणारे आहे. समोर प्रेक्षक नाही, एक काचेचा डोळा आहे. हातात कागद आहे; त्यावर कोठे पूर आलेला असतो, कोठे कोणी निवर्तलेले असते, कोठे मंत्र्यांच्या हस्ते कोनशिला बसवलेली असते. या सर्व वार्ता एकाच संयमाने सांगावयाच्या. दुःखाची वार्ता सांगताना वाचणाऱ्याने दुःखी चेहरा केला तर ते ओंगळ दिसते. पण चेहरा अगदीच दगडी ठेवला तर ऐकणाऱ्यास तो उपमर्द वाटतो. या दोहोंमधील जी बारीक वाट आहे, तीवरून रोज चालावे लागते. नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी हातवारे मोठे करावे लागतात, आवाज चढवावा लागतो. बातम्या वाचणाऱ्याला मात्र कोणाच्या तरी दिवाणखान्यात, चार हातांवर बसून बोलावयाचे असते. तेथे भुवई उगाच उचलली तरी ती दिसते.

विशीत पदार्पण न केलेल्या मुलीने हा संयम अंगी बाणवला, आणि तोही नाट्यशिक्षण असे काही न घेता. त्या काळच्या मुंबईत कृष्णधवल पडद्यावर मोठे कुंकू लावलेला एक सावळा, रुंद डोळ्यांचा चेहरा दिसे आणि लोक बातम्यांपेक्षा त्या चेहऱ्यासाठी थांबत. श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले ते याच काळात. तत्पूर्वी अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पुण्याच्या चित्रपट संस्थेतील विद्यार्थी-चित्रपटात त्या दिसल्या होत्या. बेनेगलांनी त्यांना निवडले ते मुलांसाठी काढावयाच्या एका चित्रपटाकरिता आणि चित्रीकरणासाठी छत्तीसगडात आणले. तो चित्रपट म्हणजे ‘चरणदास चोर’.

या नाटकाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत, कारण ते या मातीचे आहे. मूळ लोककथा राजस्थानची. ती विजयदान देथा यांच्याकडून हबीब तन्वीर यांच्यापर्यंत आली. हबीब तन्वीर रायपूरचे, जन्म १९२३ चा. शिक्षण रायपुरात आणि पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. विलायतेत नाट्यशिक्षण घेऊन ते परतले आणि छत्तीसगडच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातील अस्सल नटांना त्यांनी आपल्या ‘नया थिएटर’मध्ये आणले. आपल्या तमाशाला नाचा फार परका नाही. गाणे, विनोद, गणगवळणीसारखा मोकळा आरंभ, आणि रात्र सरेपर्यंत चालणारा खेळ. चरणदास हा चोर गुरूपुढे गमतीगमतीत प्रतिज्ञा करतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू वर आणखी एक अट घालतात, खोटे बोलणार नाहीस. पुढे या सर्व गोष्टी एकेक करून खरोखरच त्याच्यापुढे चालून येतात आणि तो चोर असून आपल्या शब्दाला जागतो. ज्या प्रदेशात ‘सतनाम’ हेच ईश्वराचे नाव मानणारा सतनामी पंथ गुरू घासीदासांनी रुजवला, त्याच प्रदेशात एक चोर सत्यासाठी प्राण देतो, ही कल्पना तन्वीरांना सुचावी हे साहजिक होते. पंथी गीतांचा उपयोगही त्यांनी या खेळात केला.

रंगभूमीवर या नाटकातील राणीचे काम फिदाबाई करीत. नाचाच्या परंपरेतून आलेली ही नटी राणीच्या पोशाखात उभी राहिली की, पाहणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे, रंगमंच भरून जाई. चोराने लग्नास नकार दिल्यावर तिच्या राणीच्या चेहऱ्यावर अपमान, लोभ आणि भीती यांचे जे मिश्रण येई ते कोणत्याही नाट्यविद्यालयात शिकवले जात नाही. १९८२ साली हेच नाटक स्कॉटलंडच्या एडिंबरा महोत्सवात गेले आणि तेथील ‘फ्रिंज फर्स्ट’ पारितोषिक घेऊन आले.

चित्रपटात मात्र राजकन्येचे काम स्मिता पाटील यांनी केले. चित्रपट १९७५ चा. त्या वेळी त्या एकोणीस-वीस वर्षांच्या. भोवती लालूराम, मदनलाल यांच्यासारखे नाचाचे कसलेले नट. मी हा चित्रपट एकाहून अधिक वेळा पाहिला आहे आणि माझे मत स्पष्ट सांगतो. स्मिता पाटील त्यात सुंदर दिसतात, पण परक्या दिसतात. नाचाचे नट अंग झोकून, डोळे वटारून, प्रेक्षकाला खिशात घालून बोलत असतात. आणि त्यांच्यामध्ये ही मुलगी बातम्या वाचणारीच्या संयमाने उभी आहे. राजकन्या प्रजेपेक्षा वेगळी असावयाचीच, म्हणून ते परकेपण खपून गेले. बेनेगलांना त्यांच्यातील गुण दिसला आणि ‘निशांत’ व ‘मंथन’ यांतील भूमिका त्यांनी दिल्या, हे सर्वांनाच ठाऊक आहे. परंतु त्या एका चित्रपटापुरते पाहिले तर छत्तीसगडात मुंबईची पाहुणी आली होती, असेच म्हणावे लागते.

त्याच वर्षी या प्रदेशात आणखी एक पाहुणा आला, आणि तोही आपल्या विषयाशी निगडित आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साह्याने भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. तेव्हाच्या मध्य प्रदेशातून निवडलेला भाग म्हणजे रायपूर, दुर्ग, बिलासपूर हा. शाळेच्या आवारात वा पंचायतीच्या ओट्यावर संच ठेवलेला, वर जाळीची मोठी थाळी बसवलेली, आणि दिवस मावळला की सारे गाव समोर बसलेले. नागपूरच्या बंगल्यांतून जो संच त्या वेळी पोहोचला नव्हता तो धमतरीकडच्या शेतमजुराने भुईवर बसून पाहिला. प्रयोग संपला तेव्हा थाळ्या उतरल्या. पण १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरील प्रक्षेपक मिळाला आणि हे शहर देशातील मोजक्या दूरचित्रवाणी केंद्रांच्या यादीत जाऊन बसले. दूरचित्रवाणी म्हणजे शहरी सुखवस्तूंची करमणूक, ही समजूत देशभर रूढ होण्यापूर्वी छत्तीसगडने तिचे दुसरे रूप पाहिलेले होते. सरकारी कामकाजात असल्यामुळे मला या प्रयोगाचे अप्रूप विशेष वाटते. संच वाटणे सोपे असते. विजेचा बल्ब गेला म्हणजे तो बदलावयास तालुक्याच्या गावाहून माणूस पाठवणे हे खरे काम असते.

मधल्या वर्षांत स्मिता पाटील काय करीत होत्या ते आपणांस परिचित आहे, म्हणून मी त्यावरून भरभर जातो. ‘मंथन’मध्ये त्या गुजरातच्या खेड्यातील बिंदू झाल्या. हंसा वाडकर यांच्या आत्मकथेवरून निघालेल्या ‘भूमिका’साठी १९७७ चे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना मिळाले. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’साठी त्या ठाकरांच्या वस्तीत गेल्या, जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’साठी मुंबईच्या झोपडपट्टीत. या भूमिकांत एक गोष्ट क्रमाने वाढत गेलेली दिसते. त्यांचे हात कामाला लागले. घागर उचलणे, चूल फुंकणे, नळावर भांडणे, पदराने घाम टिपणे या क्रिया त्या दाखवीत नसत, करीत असत. नटी काम करता करता बोलते आहे की बोलता यावे म्हणून हातात काही धरून उभी आहे, हा भेद साध्या प्रेक्षकालाही कळतो.

आणि मग १९८१ मध्ये ‘सद्गती’ आला.

प्रेमचंदांची ही कथा अवघ्या काही पानांची आहे. दुखी नावाच्या चर्मकाराला मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून हवा आहे. त्यासाठी तो गवताचा भारा घेऊन पंडित घासीरामांच्या दारी जातो. पंडितजी त्याला अंगण झाडावयास लावतात, भुसा वाहावयास लावतात आणि शेवटी एक गाठाळ ओंडका फोडावयास सांगतात. पोटात अन्न नसलेला दुखी कुऱ्हाड चालवता चालवता मरून पडतो. आता प्रेताला शिवावे कोणी? ते पाणवठ्याच्या वाटेवर पडले आहे. गावच्या गोंडाने चर्मकारांना सांगून ठेवलेले आहे की पोलिसांच्या चौकशीआधी कोणी प्रेत उचलू नये. अखेरीस पंडितजी पहाटे दोरीचा फास प्रेताच्या पायात अडकवतात, फरफटत गावाबाहेर मेलेली जनावरे टाकतात तेथे नेतात, आणि घरी येऊन गंगाजल शिंपडतात.

सत्यजित राय यांनी ही कथा दूरदर्शनसाठी चित्रित केली. ‘शतरंज के खिलाडी’नंतरचा त्यांचा हा दुसरा हिंदी चित्रपट, जेमतेम पाऊण-एक तासाचा. कथा उत्तर प्रदेशातील खेड्याची. परंतु चित्रीकरणासाठी राय रायपूरच्या बाजूच्या खेड्यांत आले. दुखीचे काम ओम पुरी यांनी केले, पंडिताचे आपले पुण्याचे मोहन आगाशे यांनी. येथे मराठी प्रेक्षकाला एक गंमत वाटल्यावाचून राहत नाही. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ज्या नटाने घाशीरामाला नाचवणारा नाना फडणवीस रंगवला, तोच येथे स्वतः घासीराम होऊन दुसऱ्याला राबवतो. गोंडाच्या भूमिकेत राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ हे छत्तीसगडचे गायक-नट आहेत. आणि झुरिया, म्हणजे दुखीची बायको, स्मिता पाटील.

छत्तीसगडात खेडोपाडी रावणाचे दशमुखी कायमचे पुतळे असतात. तसा एक या चित्रपटातही दिसतो. राय यांनी त्याच्याविषयी कोणालाही एक शब्द बोलावयास लावलेले नाही. गावाच्या सीमेवर तो उभा आहे, एवढेच. स्थलनिवडीचे महत्त्व मात्र याहून खोल आहे. या प्रदेशातील गिरोदपुरी येथे १७५६ मध्ये जन्मलेल्या गुरू घासीदासांनी, ज्यांना गाव शिवून घेत नव्हते त्याच चर्मकार समाजाला सांगितले की मूर्तीची गरज नाही, पुरोहिताची गरज नाही, माणूस माणसासारखा आहे. हजारो कुटुंबांनी ते मानले. त्यांच्याच भूमीवर, त्यांच्या नावाशी विलक्षण साम्य असलेल्या घासीराम पंडिताच्या अंगणात, मुहूर्त मागावयास आलेला दुखी मरतो. मुहूर्त मागितला नसता तर? हा प्रश्न चित्रपटात कोणी विचारीत नाही. छत्तीसगडात बसून तो पाहणाऱ्याच्या मनात मात्र तो येतो.

आता झुरियाकडे येऊ. स्मिता पाटील यांच्या वाट्याला येथे संवाद अगदी थोडे आहेत. आरंभी ती घरकामात आहे. नवरा नुकताच तापातून उठलेला आहे. त्याने काही खाऊन जावे असे तिला वाटते, पण पंडितजी बाहेर पडण्याआधी त्यांना गाठले पाहिजे हेही तिला कळते. दोन्ही गोष्टी एका नजरेत आहेत. तिने त्याला आग्रह करून बसवले असते तर कदाचित तो वाचला असता. हे तिला पुढे आठवणार आहे आणि आपल्यालाही. तरीही त्या क्षणी स्मिता पाटील त्या नजरेवर तसूभरही अधिक भार देत नाहीत. येथे मला बातम्यांच्या मेजापाशी बसलेली ती मुलगी आठवते. पुढे काय घडणार ते वाचणाऱ्याला ठाऊक असते, कागद हातात असतो. चेहऱ्याने मात्र ते आधी सांगावयाचे नसते.

अंगावर छत्तीसगडी पद्धतीने आखूड नेसलेला लुगरा आहे. आपले लुगडे आणि येथला लुगरा हे शब्दांचे सख्खे भाऊ आहेत. सहा वर्षांपूर्वी राजवस्त्रांत जी मुलगी परकी वाटली, तिच्या अंगावर हा लुगरा परका वाटत नाही. ती वाकते, उठते, मुलीला हाक मारते, आणि आपण नटीकडे पाहत आहोत याचा विसर पडतो.

मग ती दिसेनाशी होते. चित्रपटाचा मोठा भाग दुखीचा आणि ओंडक्याचा आहे. ती पुन्हा येते ती पावसात. नवऱ्याच्या प्रेताशी ती येते आणि पंडिताच्या बंद दाराशी आक्रोश करते: आजारी माणसाला तुम्ही इतके का राबवले? दार उघडत नाही. आतील माणूस ऐकतो आहे. तो घाबरलेला आहे, पण बाहेर येत नाही. या प्रसंगी स्मिता पाटील यांनी संयमाचा बांध पूर्ण सोडला आहे. आवाज फाटतो, शब्द पावसात वाहून जातात. आधीचे सर्व मौन येथे खर्ची पडते. मोठ्या पडद्यावर हा आक्रोश कदाचित नाटकी वाटला असता. घरातील लहान संचावर, रात्रीच्या शांततेत, आपल्याही घराचे दार आतून लावलेले असताना तो ऐकू येतो तेव्हा ऐकणारा दाराच्या कोणत्या बाजूला आहे हे त्याला टाळता येत नाही. दूरदर्शनने हा चित्रपट १९८२ मध्ये दाखवला. ज्यांच्याकडे त्या वेळी संच होते त्यांपैकी बहुतेकांची घरे झुरियाच्या घरापेक्षा पंडिताच्या घराला अधिक जवळची होती.

माझ्या नोकरीत दाराशी येणाऱ्या बायका मी पाहतो. कागदावर त्यांना नाव असतेच असे नाही. ‘अमक्याची पत्नी’, ‘मृताची वारस’ अशी नोंद असते. त्या फार थोडे बोलतात. बोललेले टिपून घ्यावयास आमच्या नमुन्यात रकाना नसतो, म्हणूनही असेल. झुरियाचे काम मी अभिनय म्हणून तपासावयास गेलो तरी प्रत्येक खेपेस या बायका मध्ये येतात. त्यामुळे माझे परीक्षण निर्विकार आहे असा दावा मी करणार नाही.

एक आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. झुरियाचे काम मंत्र्याच्या घरात वाढलेल्या मराठा मुलीने का करावे? छत्तीसगडात नट्या नव्हत्या काय? फिदाबाई होत्या, त्यांच्यासारख्या आणखीही होत्या. कॅमेरा त्यांच्या गावापर्यंत आला, भैयालाल हेडाऊंपर्यंत पोहोचला, पण मुख्य स्त्री मुंबईहून आली. देशभर दाखवावयाच्या चित्रपटाला ओळखीचे चेहरे लागतात, असे याचे व्यवहारी उत्तर आहे. आणि सेवा दलात वाढलेल्या, ज्यांचे जीवन रंगवावयाचे त्यांच्यात जाऊन राहण्याची सवय असलेल्या नटीने ते काम प्रामाणिकपणे केले, हे दुसरे उत्तर. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि दोहोंनी मिळून आक्षेप पुरता मिटत नाही. मँचेस्टरच्या बाईला मँचेस्टरची म्हातारी होता आले. रायपूरच्या खेड्यातील स्त्रीला स्वतःच्या गावातील झुरिया होण्याची संधी मिळाली नाही.

‘सद्गती’ला त्या वर्षीच्या राष्ट्रीय पारितोषिकांत परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळाले. स्मिता पाटील यांनी त्यानंतर ‘उंबरठा’ केला, ‘अर्थ’ आणि ‘बाजार’ केले, धंदेवाईक हिंदी चित्रपटांतही मोठ्या नायकांबरोबर कामे केली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, पहिल्या बाळंतपणानंतर अवघ्या पंधरवड्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. ‘मिर्च मसाला’ त्यानंतर प्रदर्शित झाला. दूरचित्रवाणीवर मोठ्या दिग्दर्शकांच्या मालिका येऊ लागल्या त्या याच सुमारास. बातम्यांच्या मेजावरून जी निघाली तिला त्या माध्यमाच्या भरभराटीच्या काळात त्यावर काम करावयास मिळाले नाही. रायांसारख्यांनी दूरचित्रवाणीसाठी आणखी चार गोष्टी काढल्या असत्या आणि त्या जगल्या असत्या तर काय झाले असते, ही कल्पना करण्यात अर्थ नाही. तरी ती मनात येते.

१९८८ मध्ये श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ ही मालिका दूरदर्शनवर लागली. महाभारताचा भाग आला तेव्हा त्यांनी ती कथा सांगावयास दुर्गजवळील गनियारीच्या तीजनबाईंना बोलावले. तीजनबाईंचा जन्म १९५६ चा, म्हणजे स्मिता पाटील यांच्याहून त्या थोड्याच लहान. हातात तंबुरा, अंगावर छत्तीसगडी दागिने, कपाळावर मोठे कुंकू. तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात दुःशासनाचा हात. ज्या दिग्दर्शकाने तेरा वर्षांपूर्वी या प्रदेशातील राजकन्येसाठी मुंबईहून मुलगी आणली होती, त्याच्याच कॅमेऱ्यापुढे तीजनबाई उभ्या राहिल्या, आणि द्रौपदीचा आक्रोश त्यांनी स्वतःच्या बोलीत केला.